पन्नास हजारात काय काय येत नाही

गेमिंगसाठी पहिलावहिला कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की माणूस आधी काय करतो? यादी. प्रोसेसर अमुक, कार्ड तमुक, रॅम एवढी, कॅबिनेट ते काचेचं... यादी पूर्ण होईपर्यंत बेरीज बजेटच्या दीडपट झालेली असते. मग काटछाट सुरू. इथून पाचशे, तिथून हजार, एसएमपीएस जरा साधा घेऊ, मदरबोर्ड कुठलाही चालेल... शेवटी जे जमतं त्यात सगळंच थोडं थोडं कमी पडतं, आणि जिथे हात लावायचा नाही नेमकी तिथेच सगळ्यात मोठी कात्री लागलेली असते.

माझं मत सरळ आहे. बजेट तोकडं असेल तर यादी उलटी करावी. काय घ्यायचं ते नंतर. आधी काय घ्यायचं नाही ते कागदावर लिहावं आणि त्याखाली चक्क सही करावी. पहिला पीसी जुळवणं म्हणजे नव्वद टक्के 'नाही' म्हणण्याचा सराव आहे. उरलेलं दहा टक्के स्क्रू ड्रायव्हरचं काम.

हा विषय सध्या डोक्यात घोळतोय तो माझ्या मावसभावामुळे. पुण्यात पहिली नोकरी, तिघांत मिळून एक फ्लॅट, आणि आठ महिने साठवलेले ५० हजार रुपये. त्याने पाठवलेली यादी होती ८२ हजारांची. मी विचारलं, "वरचे बत्तीस कुठून आणणार?" तर म्हणाला, "दादा, ते नो कॉस्ट ईएमआयवर होतंय ना. बारा हप्ते. कळणार पण नाही."

तर मंडळी, हे जे 'कळणार पण नाही' आहे ना, त्याच्याविरुद्ध हा लेख आहे. :)

नो कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे. बहुतेक वेळा रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सवलत इथे व्याजात वळती झालेली असते. वर प्रोसेसिंग फी. शिवाय क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात जे व्याज दाखवतात त्यावर १८ टक्के जीएसटी. पण एकवेळ हे हजार-दोन हजार सोडून देऊ. खरा मुद्दा असा की प्रोबेशनवर असलेला, भाड्याच्या घरात राहणारा मुलगा खेळण्यासाठी कर्ज काढतोय. आपल्या धंद्यात सकाळी मेल येतो आणि दुपारी लॅपटॉप लॉक होतो, हे आपण सगळ्यांनी शेजारच्या डेस्कवर पाहिलंय. तेव्हा हप्ता काही थांबत नाही. छंद रोखीचा असला तर तो आपला असतो. हप्त्यावर घेतला की आपण त्याचे.

म्हणून पहिली सही इथे: जेवढे आहेत तेवढेच. ५० म्हणजे ५०.

आता दुसरा 'नाही'. ऑफिसात आपण क्लायंटला पहिला प्रश्न काय विचारतो? "नक्की काय हवंय?" आणि क्लायंट काय म्हणतो? "सगळं." इथे क्लायंट आपणच असतो, त्यामुळे त्याच्याशी भांडायला मजा येत नाही इतकंच. भावाला विचारलं, कोणते गेम खेळणार? उत्तर आलं: व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५, आणि "सायबरपंक तर पाहिजेच".

आता हे चार गेम म्हणजे चार वेगवेगळ्या गावची माणसं. व्हॅलोरंट २०२० साली आला तेव्हा त्याच्या किमान गरजेत इंटेलचं एचडी ४००० सुद्धा बसत होतं, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरांत फुकट मिळणारं ग्राफिक्स. जीटीए ५ पीसीवर आला २०१५ मध्ये, तो आज मध्यमवर्गीय कार्डावर आरामात पळतो. सायबरपंक २०७७ हा २०२० चा गेम असला तरी त्याची सगळी रोषणाई चालू केली तर भल्याभल्या कार्डांना घाम फुटतो. आणि त्यापुढचं म्हणजे 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) किंवा 'डूम : द डार्क एजेस' (२०२५) यांना तर रे ट्रेसिंग करणारं कार्डच लागतं. ते नसेल तर सेटिंग्ज कितीही खाली आणा, उपयोग नाही.

म्हणजे 'सगळं चाललं पाहिजे' ही अपेक्षा ५० हजारात बसतच नाही. पण "व्हॅलोरंट मस्त, जीटीए छान, सायबरपंक मध्यम सेटिंगवर" ही बसते. गेमची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे आपण किती समाधानी राहू ते लिहा. अर्धी खरेदी तिथेच ठरते. (आणि त्या यादीत 'राजी' लिहायला विसरू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० चा. त्याला राक्षसी कार्ड लागत नाही.)

तिसरा 'नाही' पडद्यापाशी. शाळेतला गुणाकार आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके. २५६० गुणिले १४४० केलं तर ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडे जास्त. आणि फोर-के म्हणजे ८२.९ लाख, बरोब्बर चौपट. कार्डाला हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा रंगवायचे असतात. म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. पडदा मोठा केला की बिल मॉनिटरचं वाढतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते कार्डाचं वाढतं. तोकड्या बजेटात १०८०पी, विषय संपला. आणि घरात साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर पडलेला असेल तर आज तोच वापरा. कार्ड कितीही उड्या मारो, तो पडदा सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार आहे.

इंजिनिअरिंगला जीन अॅमडालचा नियम शिकलो होतो, १९६७ सालचा. सिस्टिमचा एक भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायद्याला मर्यादा असते, कारण उरलेला भाग आपल्याच चालीने चालतो. व्हायवामध्ये दोन मार्क मिळाले आणि विसरून गेलो. पण पीसीच्या दुकानात उभं राहिल्यावर या नियमाइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

बरं, आता घ्यायचं काय?

इथे माझी एक पद्धत आहे. सगळ्या भागांचे दोन ढीग करायचे. पहिल्या ढिगात, जे भाग या पीसीनंतर पुढच्या पीसीतही येतील ते. दुसऱ्या ढिगात, जे याच पीसीबरोबर म्हातारे होतील ते. एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड हे पहिल्या ढिगातले. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम दुसऱ्या. ग्राफिक्स कार्ड मधोमध, कारण तेच सगळ्यात आधी बदललं जातं.

गंमत अशी की बहुतेकांचा खर्च याच्या उलट असतो. एसएमपीएस "कुठलाही चालेल" आणि प्रोसेसर मात्र "पुढची पाच वर्षं बघायला नको" असा. मी म्हणतो, उलटं करा.

एसएमपीएसबद्दल जरा जास्त बोलतो, कारण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. त्याला दिवे नाहीत, आकडे मिरवायची सोय नाही. कॅबिनेटच्या तळाशी गपगुमान बसून तो बाकी सगळ्यांना जेवायला घालतो. घरातल्या आईसारखंच आहे ते, आजारी पडल्याशिवाय कोणाचं लक्ष जात नाही. खोक्यावर '८० प्लस' लिहिलेलं असतं. ही २००४ पासूनची मोजणी आहे कार्यक्षमतेची, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जाते याची. संरक्षणाची सर्किटं कशी आहेत, आतले कपॅसिटर कसे आहेत, हे ती सांगत नाही. म्हणून बिल्ला बघाच, पण कंपनी, वॉरंटीची वर्षं आणि त्याच मॉडेलची कोणीतरी उघडून केलेली तपासणी, हेही बघा. वॅटच्या आकड्याला भुलू नका. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, रेडिऑन आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं कार्ड. बाकीचं धरून ५०० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. ७५० वॅट लिहिलेला, पण कोणी बनवला तेच कळत नाही असा डबा मात्र नको.

आणि हो, अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर भाड्याच्या घरात तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी पिन बहुधा नावापुरती आहे. आधी वायरमनला बोलवा. त्याची मजुरी हा तुमच्या बिल्डमधला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

दुसऱ्या ढिगाकडे येऊ. इथला सगळ्यात महागडा शब्द म्हणजे 'फ्युचर प्रूफ'. भविष्याची तरतूद आजच करायची आणि आज मात्र अर्धपोटी खेळायचं, हे मला पटत नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एएमडीच्या एएम४ सॉकेटने या शब्दाला थोडीफार अब्रू मिळवून दिली. २०१७ साली ज्याने पहिला रायझन घेतला, त्यातल्या बऱ्याच जणांना २०२२ मध्ये बायॉस अपडेट करून त्याच मदरबोर्डात ५६०० बसवता आला. पाच वर्षं, एक बोर्ड. तरीसुद्धा बघा, फायदा झाला तो २०१७ मध्ये परवडलं ते घेऊन नंतर गरजेपुरतं बदलणाऱ्याला. पहिल्याच दिवशी सगळ्यात महागडा प्रोसेसर घेतला त्याला नाही.

आज एएम५ हे नवं सॉकेट आहे आणि त्याला डीडीआर५ रॅमच लागते. आणि रॅमची कथा आपल्याला माहीतच आहे. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी अशी काही उचलायला सुरुवात केली की आपल्यासारख्यांचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मी या लेखात किमतींचा तक्ता दिलेला नाही. आज लिहिलेला आकडा पुढच्या शनिवारी खोटा ठरायचा. पण यातून एक शहाणपण निघतं: रॅम सेकंड हँड घ्यायला लाजू नका. तिच्यात फिरणारा, झिजणारा भाग नाही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवा, एकही चूक दाखवली नाही तर ती रॅम चांगली. प्रोसेसरचंही तेच. एएम४ असेल तर खालच्या पिना वाकलेल्या नाहीत ना तेवढं बघा.

एसएमपीएस आणि एसएसडी मात्र कोरेच घ्या. दुसऱ्याने किती वापरलंय त्याचा हिशोब तुम्ही का फेडायचा?

ग्राफिक्स कार्डाला एकूण पैशातले साधारण ४० टक्के द्या. गेमिंगचा पीसी असेल तर यात काटछाट नाही. १०८०पी साठी ८ जीबी मेमरीच्या खाली नव्याने जाऊ नका. आरएक्स ६६०० हे ऑक्टोबर २०२१ चं कार्ड नेमकं याच कामासाठी आलं होतं. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीवाला अवतार जुन्या बाजारात बरा मिळाला तर तोही छान. त्याच काळातलं आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला धाकटा भाऊ वाटतं, पण ४ जीबी मेमरी आणि फक्त चार पदरी पीसीआय जोडणी. जुन्या मदरबोर्डात ते आणखीनच दमतं.

जुनं कार्ड घेताना डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात उतरली. खाणीतून आलेलं प्रत्येक कार्ड वाईट असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असू शकते. 'आरएक्स ५८०' म्हणून मिळणाऱ्या कार्डांत एक '२०४८ एसपी' जात असते, ती खऱ्या ५८० पेक्षा हलकी. काही कार्डांचं तर नावच बदललेलं असतं, आत भलतीच चिप. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून बघा आणि समोर बसून अर्धा तास जड गेम चालवा. विकणारा "घाई आहे साहेब" म्हणाला तर तुम्हालाही घाई आहे असं सांगून निघा. नवं घ्यायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला तीन दुकानांतून कोटेशन घ्या, पक्कं बिल घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. "तसलंच आहे, फक्त कंपनी वेगळी" हे वाक्य ऐकू आलं की मान नकारार्थी हलवायची.

आणि दिवे? आरजीबी पंखे, काचेचं कॅबिनेट, रंग बदलणारी रॅम? नाही. पुढून जाळी असलेलं, हवा खेळती ठेवणारं साधं कॅबिनेट घ्या. दिव्यांनी फ्रेम रेट वाढत असता तर गणपतीच्या मंडपात सायबरपंक चाललं असतं. :)

आता तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कशाला? त्यापेक्षा प्लेस्टेशन घ्यावा. मुद्दा चुकीचा नाही. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये, आणि त्या पैशात तसा पीसी तेव्हा जुळत नव्हता. घरात टीव्ही आहे, वर्षाला तीन-चार मोठे गेमच खेळायचेत, तर खुशाल कन्सोल घ्या. पीसीची बाजू वेगळी आहे. सेलमध्ये गेम स्वस्त मिळतात, एपिकवाले २०१८ पासून फुकटही वाटतात, वीस वर्षांपूर्वीचे गेमही चालतात, आणि तेच यंत्र कामालाही येतं. गेमिंग लॅपटॉपचं म्हणाल तर एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपात वेगवेगळ्या वॅटवर चालते, आणि दोन वर्षांनी तिला बाहेर काढता येत नाही.

तिसरा मार्गही आहे, आणि तोकड्या बजेटात मला तो सगळ्यात आवडतो. कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारखा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, रॅमच्या दोन काड्या लावा (एक नको, कारण हे ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन वाटांनी डेटा आला की स्पष्ट फरक पडतो), चांगला एसएमपीएस घ्या आणि व्हॅलोरंट खेळायला लागा. सहा-आठ महिन्यांनी पैसे साठले की कार्ड. तोटा एवढाच की ५६००जी मध्ये साध्या ५६०० पेक्षा कॅश निम्मी आहे, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर थोडा वेग मागे राहतो. पण हाच तो ईएमआय, फक्त बँकेला न देता स्वतःला दिलेला.

भावाने शेवटी हाच रस्ता धरला. कार्डासाठी राखलेले पैसे बँकेतच आहेत, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथे असणं हे व्हॅलोरंटपेक्षा जास्त झोप देतं.

काकांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "खेळायला एवढे पैसे?" आपल्याकडे कॉम्प्युटर घरात आला तोच मुळी अभ्यासाच्या नावाखाली. एमएस-सीआयटीचा सराव करायचा म्हणून घेतलेल्या मशिनवर आपण रोड रॅश आणि व्हाइस सिटी खेळलो, दारावर पावलं वाजली की वर्ड उघडलं. मला वाटतं आता ही लपवाछपवी बंद व्हावी. कमावता माणूस स्वतःच्या पैशाने खेळण्यासाठी यंत्र घेतोय, यात 'एडिटिंगला पण उपयोगी पडेल' असं शेपूट जोडायची गरज नाही. पण हे ताठ मानेने म्हणायचं असेल तर ते पैसे खरोखर आपले असायला हवेत. कर्ज काढून घेतलेल्या गोष्टीचं समर्थन करावं लागतं. साठवून घेतलेल्या गोष्टीचं नाही.

असो. जुळवून झाल्यावर तीन गोष्टी फुकट आहेत, त्या सोडू नका. कार्ड असेल तर मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. बायॉसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर पैसे मोजलेल्या वेगाच्या खाली ती निवांत चालत राहते. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजमध्ये १४४ निवडा, ते बऱ्याचदा ६० वरच बसलेलं असतं.

एवढं करून हजार-पाचशे उरले तर उशीसकट एक बरी खुर्ची बघा. पाठ मात्र सेकंड हँड मिळत नाही.